रुग्णाची नोंद डिस्कवर कोठे राहते? : वैद्य व फार्मसीचालकांसाठी संगणकीय साठवणीचा परिचय

हळदीचा व्रणरोपण गुण आपल्या ग्रंथांत आणि घराघरांत सुविदित असताना १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. ज्ञान होते, लिखित होते. परंतु पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते शोधून सापडेल अशा स्वरूपात नव्हते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ग्रंथप्रमाणे सादर केली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे कार्य सुरू झाले. संहितांतील योग तेथे वर्गवारी करून, संगणकाला शोधता येतील अशा रीतीने साठविले गेले. माहिती असणे ही एक गोष्ट आणि ती वेळेवर सापडणे ही दुसरी, हा त्या प्रकरणाचा बोध होय.

हाच बोध लहान प्रमाणात आपल्या चिकित्सालयालाही लागू पडतो. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीही केसपेपर, बिले व औषधसाठा यांच्या नोंदी वहीतून संगणकात गेल्या आहेत. वही कोणत्या कपाटात आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. संगणकातील नोंद मात्र नेमकी कोठे असते, ती कशी सापडते आणि काढून टाकल्यावर तिचे काय होते, हे बहुतेकांना सांगता येत नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपण जेथे ठेवतो, ती जागाच आपल्याला अपरिचित असावी हे उचित नव्हे. प्रस्तुत लेखात त्या जागेचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. प्रोग्राम लिहिणे हा वैद्याचा विषय नाही. परंतु साठवणीचे तत्त्व समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

तक्ता ही कल्पना, डिस्क ही वस्तू

पडद्यावर आपण पाहतो तो तक्ता असतो. आडव्या ओळी म्हणजे एकेक रुग्ण किंवा एकेक बिल. उभे रकाने म्हणजे नाव, वय, दिनांक, बॅच नंबर इत्यादी. अशा परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपाने माहिती मांडण्याची पद्धती आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगितली. त्यापूर्वी माहिती काढणाऱ्याला ती कोणत्या मार्गाने मिळेल हेही सांगावे लागे. कॉड यांच्या मते वापरणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे. 'कोठून आणायचे' हे यंत्रणेने ठरवावे. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट या आजच्या सर्व प्रचलित यंत्रणा याच विचारावर उभ्या आहेत. आपल्या बिलिंगच्या किंवा केसपेपरच्या सॉफ्टवेअरखाली बहुधा यांपैकीच एखादी काम करीत असते.

ही सोय मोठी आहे. परंतु साठवण दृष्टीआड गेल्यामुळे तीन गैरसमज रूढ झाले आहेत. पहिला, डोळ्यांना जे नाव सारखे दिसते ते संगणकालाही सारखेच असते. दुसरा, 'डिलीट' केलेली नोंद नष्ट होते. तिसरा, 'सेव्ह' म्हटल्याक्षणी नोंद तक्त्यात कायमची लिहिली जाते. हे तिन्ही चुकीचे का आहेत, हे साठवणीची रचना पाहिल्यावर आपोआप स्पष्ट होते.

पान : साठवणीचे एकक

डेटाबेस डिस्कवरून एकेक ओळ उचलत नाही. तो ठरावीक आकाराचे एक पूर्ण 'पान' उचलतो व पूर्ण पानच परत लिहितो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे पान ८ किलोबाइटचे असते. पोस्टग्रेसमध्येही सामान्यतः तेवढेच, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-प्रकारात सामान्यतः १६ किलोबाइटचे, तर एसक्यूलाइटच्या अलीकडील आवृत्त्यांत ४ किलोबाइटचे असते. तक्त्याची फाइल म्हणजे अशा समान आकाराच्या पानांची चळत होय.

असे करण्याचे कारण डिस्कच्या स्वभावात आहे. फिरत्या चकतीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा वाचक-टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४.२ मिलिसेकंद जातो. टोक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एकदा तेथे पोहोचल्यावर मात्र १०० बाइट वाचणे आणि ८ किलोबाइट वाचणे यांत नाममात्र फरक असतो. खर्च जाण्या-येण्याचा आहे, उचलण्याचा नाही. दिग्रसहून यवतमाळच्या घाऊक बाजारात गेलेला मनुष्य एकच पुडी घेऊन परतत नाही, त्यातलाच हा प्रकार. नव्या एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने हा वेळ पुष्कळच कमी झाला आहे. तथापि पानापानाने वाचण्याची पद्धत तीच राहिली आहे.

एका पानात किती नोंदी मावतात? पोस्टग्रेसचे उदाहरण घेऊ. ८,१९२ बाइटच्या पानात प्रारंभीचे २४ बाइट पानाच्या स्वतःच्या माहितीकरिता जातात. रुग्णाचे नाव, गाव, वय, दिनांक, फोन व थोडक्यात निदान मिळून, सर्व आनुषंगिक खर्चासह, एक ओळ १८० बाइटची धरली तर एका पानात ४५ ओळी बसतात. ३०,००० रुग्णांच्या नोंदीस ६६७ पाने, म्हणजे सव्वापाच मेगाबाइटच्या आसपास जागा पुरते. केसपेपरमधील दीर्घ इतिवृत्त किंवा व्रणाचे छायाचित्र मात्र या पानात मावत नाही. असा मोठा मजकूर वेगळ्या पानांत ठेवून मूळ ओळीत केवळ त्याचा निर्देश केला जातो.

खण व पत्ता

पानाच्या आत ओळी कशा राहतात हे पाहण्यासारखे आहे. पानाच्या एका टोकाकडून लहान लहान निर्देशांची यादी वाढत जाते. त्यांना आपण 'खण' म्हणू. दुसऱ्या टोकाकडून प्रत्यक्ष ओळी भरत येतात. मधली जागा मोकळी असते. प्रत्येक खणात 'या क्रमांकाची ओळ पानात अमुक ठिकाणी सुरू होते' एवढेच लिहिलेले असते. खण आणि ओळी यांच्यामधली जागा संपली की पान भरले.

यामुळे प्रत्येक ओळीला एक पत्ता मिळतो : कोणती फाइल, कितवे पान, कितवा खण. वैद्यांना ही रीत नवीन नाही. 'च. सू. २५/४०' एवढे लिहिले की चरकसंहिता, सूत्रस्थान, अध्याय २५, सूत्र ४०, म्हणजे अग्र्य द्रव्यांची प्रसिद्ध गणना, हे आपण जाणतो. आठ स्थाने व १२० अध्याय चाळावे लागत नाहीत. डेटाबेसचा पत्ता तंतोतंत असाच असतो.

खणाची योजना का केली, याचेही उत्तर येथेच आहे. पानातील एक ओळ काढली व इतर ओळी सरकवून जागा एकवटली, तरी खणाचा क्रमांक तोच राहतो. फक्त खणातील निर्देश बदलतो. बाहेर ज्यांनी तो पत्ता टिपून ठेवला आहे, त्यांना काहीही बदलावे लागत नाही. मात्र ओळ दुसऱ्याच पानावर गेली तर पत्ता बदलतो. संहितेच्या आवृत्तीगणिक श्लोकांक पुढे-मागे होतात, तेव्हा जुना संदर्भ जसा चुकतो तसेच हे आहे. म्हणून डिस्कवरील पत्ता हा रुग्णाचा कायमचा क्रमांक म्हणून कधीही वापरू नये. रुग्ण क्रमांक, बिल क्रमांक हे तक्त्यात स्वतंत्र रकान्यात असावेत. त्याचप्रमाणे मोकळ्या झालेल्या जागी नवी नोंद बसू शकत असल्याने ओळी ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने डिस्कवर असतील असे गृहीत धरता येत नाही. क्रम हवा असेल तर तो मागावा लागतो.

ढीग आणि वर्गवारी

ओळी पानांत भरण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत जेथे जागा असेल तेथे ओळ ठेवली जाते. तिला 'हीप' म्हणजे ढीग म्हणतात. पोस्टग्रेस व ओरॅकलमध्ये सामान्यतः हीच रीत असते. दुसरीत ओळी मुख्य क्रमांकाच्या क्रमानेच मांडल्या जातात. इनोडीबी असे करतो, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्येही मुख्य क्रमांक ठरविला की सामान्यतः असेच होते.

ही दुसरी रीत समजण्यास सातबाराचा दाखला उपयुक्त आहे. सातबारा उतारा गट क्रमांकाप्रमाणे असतो. गट क्रमांक ठाऊक असेल तर उतारा थेट निघतो. परंतु अमुक खातेदाराची गावात कोणकोणती जमीन आहे, हे सातबारावरून काढायचे तर प्रत्येक उतारा पाहावा लागेल. त्यासाठी गाव नमुना आठ-अ असतो. तो खातेदारानुसार असून त्यात गट क्रमांक दिलेले असतात. आठ-अ पाहावा, गट क्रमांक घ्यावा, मग सातबारा काढावा. इनोडीबीतील दुय्यम सूची नेमकी अशीच चालते. ती डिस्कवरची जागा सांगत नाही, मुख्य क्रमांक सांगते. त्या क्रमांकाने मग मूळ ओळ गाठली जाते. पोस्टग्रेसमधील सूची मात्र थेट पान व खण सांगते. पहिल्या पद्धतीत एक टप्पा अधिक पडतो, पण ओळ हलली तरी सूची बिघडत नाही. दुसरीत टप्पा वाचतो, पण ओळ नव्या जागी गेली की सूचीतही नवी नोंद करावी लागू शकते.

सूची : शोधाचा कणा

सूची म्हणजे शोधावयाच्या रकान्यातील मूल्ये क्रमाने लावून प्रत्येकापुढे पत्ता लिहिलेली यादी. ही यादीदेखील पानांतच साठविली जाते. तिची रचना बहुधा 'बी-ट्री' नावाच्या वृक्षाची असते. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत असताना ही रचना शोधून काढली. त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धशतकानंतरही तिला पर्याय सहसा शोधावा लागलेला नाही.

या वृक्षाचे मूळ वर असते. मुळाच्या पानावर 'अमुक मूल्यापर्यंत या पानाकडे, त्यापुढे त्या पानाकडे' असे निर्देश असतात. तसे उतरत उतरत शेवटच्या पातळीवर प्रत्यक्ष पत्ता मिळतो. एका पानावर असे ३०० निर्देश मावतात असे धरू. मग दोन पातळ्यांत ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० नोंदी हाताळता येतात आणि तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख. नोंदी तीनशेपट वाढल्या तरी शोधास केवळ एक पान अधिक लागते, हे या रचनेचे मर्म होय.

व्यवहारातील उदाहरण पाहू. एखाद्या औषधी दुकानाच्या अनेक वर्षांच्या बिलांत २० लाख ओळी आहेत व एका पानात ८० ओळी बसतात, असे समजू. म्हणजे २५,००० पाने, सुमारे १९५ मेगाबाइट. निर्मात्याने त्रिफळा चूर्णाची एक बॅच परत मागविली. ती कोणाकोणाला दिली गेली हे आजच कळले पाहिजे. बॅच नंबरावर सूची नसेल तर सर्व २५,००० पाने वाचावी लागतील. सूची असेल तर वृक्षाची तीन पाने वाचून सर्व पत्ते हाती येतात. बॅच ६० बिलांत गेली असेल तर त्यापुढे फार तर साठ पाने उघडावी लागतील. वेगवान संगणकावर पहिले कामही काही सेकंदांत होईल. तथापि जुन्या यंत्रावर, दोन काउंटरवर बिले चालू असताना, तेच काम सर्व व्यवहार रखडवून ठेवते. शिवाय बॅच नंबर स्वतंत्र रकान्यात न लिहिता 'शेरा' या रकान्यात कोठेतरी लिहिला असेल तर सामान्य सूचीचा काहीही उपयोग होत नाही. शब्दकोश आद्याक्षराने लावलेला असतो. शब्दाच्या मध्यभागी असलेले अक्षर त्यातून शोधता येत नाही, तसेच हे.

एक्स्पायरीच्या दिनांकाबाबत विशेष दक्षता हवी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब नुसार आयुर्वेदीय औषधांनाही कालमर्यादा आहे. हा दिनांक 'दिनांक' या प्रकारातच साठविलेला असावा. तो साधा मजकूर म्हणून लिहिला तर संगणक तो अक्षरशः डावीकडून लावतो. मग '०१/१२/२०२७' हा '३१/०१/२०२६' च्या आधी येतो आणि 'पुढील तीन महिन्यांत मुदत संपणारी औषधे' ही यादी निरर्थक ठरते. खरा दिनांक केवळ तीन-चार बाइटमध्ये मावतो, अधिक जागाही घेत नाही.

सूचीचा लाभ फुकट नाही. प्रत्येक नव्या बिलाबरोबर त्या तक्त्यावरील प्रत्येक सूचीतही नोंद करावी लागते. दहा रकान्यांवर दहा सूची केल्या तर शोध सुलभ होईल, पण बिल करणे जड होईल. मात्रा पाहूनच योजना करावी, हे तत्त्व येथेही आहे.

दिसणे आणि असणे : मराठी अक्षरांचा प्रश्न

आता पहिल्या गैरसमजाकडे वळू. सूची अक्षरांच्या आकृतीवर चालत नाही. साठविलेल्या अंकांवर चालते. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'हरीतकी' या शब्दात ह, र, दीर्घ वेलांटी, त, क, पुन्हा दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून तो १८ बाइट घेतो. हेच नाव जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केले असेल तर डिस्कवर देवनागरी नसतेच. तेथे इंग्रजी अक्षरांचे अंक असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश देतो. ज्यांच्या २००० ते २०१० या काळातील नोंदी अशा फॉन्टमध्ये आहेत, त्यांना त्या नोंदी युनिकोडमध्ये टाइप करून शोधल्यास सापडत नाहीत. नोंद नष्ट झालेली नसते; ती वेगळ्या अंकांखाली पडून असते.

युनिकोडमध्येही काळजी लागते. 'कऱ्हाडे' या आडनावातील ऱ्ह दोन प्रकारे साठविला जाऊ शकतो : एक ऱ या स्वतंत्र चिन्हाने, दुसरा साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. 'ॲ' हे अक्षरही एकसंध चिन्हाने किंवा अ वर चंद्र देऊन लिहिता येते. डोळ्यांना फरक दिसत नाही. सूचीला मात्र हे दोन भिन्न शब्द वाटू शकतात. परिणामी एकाच रुग्णाचे दोन केसपेपर तयार होतात आणि पूर्वी नोंदविलेली असात्म्य द्रव्ये दुसऱ्या केसपेपरवर दिसत नाहीत. हा धोका लहान नाही. म्हणून रुग्णाचा शोध केवळ नावावर ठेवू नये. रुग्ण क्रमांक किंवा फोन क्रमांक हा शोधाचा मुख्य आधार असावा, आणि सर्व काउंटरवर एकच मराठी कीबोर्ड असावा.

काढलेली नोंद पुसलेली नसते

दुसरा गैरसमज सर्वांत गंभीर आहे. नोंद 'डिलीट' केली असता तिचे अक्षर न् अक्षर डिस्कवरून खोडले जाते अशी समजूत आहे. वस्तुतः तसे होत नाही. पोस्टग्रेस त्या ओळीच्या शीर्षभागात 'अमुक व्यवहाराने रद्द' एवढी खूण करतो. इनोडीबीही आधी खूण करतो व सफाई मागाहून करतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशा ओळींना 'घोस्ट' म्हणजे भूत नोंदी म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. हाती लिहिलेल्या सातबारावर जुन्या खातेदाराचे नाव खोडरबराने पुसत नसत, त्याला कंस करीत. तसाच हा कंस होय. पोस्टग्रेसमध्ये तर नोंद बदलली तरी जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ वेगळी लिहिली जाते.

यामागे सबळ कारण आहे. एका काउंटरवर नोंद काढली जात असताना दुसऱ्या काउंटरवर महिन्याचा अहवाल निघत असेल, तर त्या अहवालाला सुरुवातीची स्थितीच दिसली पाहिजे. व्यवहार अर्ध्यावर रद्द झाला तर पूर्वस्थिती परत यावी लागते. म्हणून जागा लगेच मोकळी केली जात नाही. पुढे यथावकाश सफाई होते. पोस्टग्रेसमध्ये तिला 'व्हॅक्यूम' म्हणतात. परंतु सफाईनेही सामान्यतः एवढेच होते की ती जागा नव्या नोंदीस उपलब्ध झाली. नवी नोंद तेथे प्रत्यक्ष लिहिली जाईपर्यंत जुने बाइट तेथे राहू शकतात. संपूर्ण तक्ता नव्या फाइलमध्ये उतरवून जुनी फाइल काढली तरी जुन्या फाइलची पाने डिस्कवर काही काळ पडून राहतात.

याचा व्यवहारातील अर्थ लक्षात घ्यावा. वंध्यत्व, गुप्तरोग, व्यसन, मानसविकार अशा तक्रारी घेऊन रुग्ण आपल्याकडे येतात. लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. तेथे अशी एक नोंद बाहेर गेली तर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. दवाखान्यातील जुना संगणक नोंदी 'डिलीट' करून भंगारात किंवा दुरुस्तीवाल्याकडे दिला, तर त्या नोंदी साध्या साधनांनी परत वाचता येण्याची शक्यता असते. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात माहितीचे रक्षण करणे आणि प्रयोजन संपल्यावर, अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल तर, ती पुसणे हे कर्तव्य सांगितले आहे. कायदा नसता तरी वैद्याचे कर्तव्य तेच राहिले असते.

उपाय तीन आहेत. पहिला व सर्वांत चांगला म्हणजे आरंभापासून संपूर्ण डिस्क कूटबद्ध ठेवणे; मग किल्ली नष्ट केली की राहिलेले बाइट निरर्थक होतात. दुसरा, फिरत्या चकतीची डिस्क असेल तर देण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहून ती झाकणे. एसएसडीच्या बाबतीत हा दुसरा उपाय पुरेसा खात्रीचा नाही, कारण ती नवे लेखन जुन्या जागेवर न करता दुसऱ्या जागी करते. तेथे निर्मात्याने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. तिसरा, संशय असेल तर डिस्क काढून घेऊन ती फोडावी आणि संगणक डिस्कविना द्यावा. नव्या डिस्कची किंमत रुग्णाच्या अब्रूपेक्षा अधिक नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. चुकून काढलेली महत्त्वाची नोंद तज्ज्ञाला कधीकधी परत मिळविता येते. अट एवढीच की लक्षात येताच त्या संगणकावरील काम तत्काळ थांबवावे. प्रत्येक नवे बिल त्या जागेवर लिहिले जाण्याची शक्यता असते.

रोजकीर्द आधी, खतावणी मागाहून

तिसरा गैरसमज 'सेव्ह'चा. आपण बिल सेव्ह करतो तेव्हा तक्त्याचे पान सामान्यतः संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत बदललेले असते. डिस्कवरचे पान अद्याप जुनेच असते. मग वीज गेल्यास बिल हरवत का नाही? कारण हा बदल आधी एका वेगळ्या क्रमवार फाइलमध्ये, म्हणजे 'लॉग'मध्ये लिहिला जातो. तो डिस्कवर पक्का लिहिला गेल्यावरच 'सेव्ह झाले' असे सांगितले जाते. आपल्या हिशेबपद्धतीत व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो व मागाहून खतावणीत जातो. लॉग ही रोजकीर्द, तक्ता ही खतावणी. वीज परत आल्यावर यंत्रणा रोजकीर्द वाचते, पुरे झालेले व्यवहार तक्त्यात उतरविते व अर्धवट राहिलेले रद्द धरते.

आणखी एक सूक्ष्म धोका आहे. ८ किलोबाइटचे पान म्हणजे ५१२ बाइटचे १६ तुकडे. पान लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धे पान नवे व अर्धे जुने राहील. यासाठी इनोडीबी प्रत्येक पान आधी वेगळ्या जागी लिहून मग मूळ जागी लिहितो. पोस्टग्रेसही ठरावीक टप्प्यानंतर पान प्रथम बदलताना ते संपूर्ण पान लॉगमध्ये उतरवून ठेवतो. विदर्भाने भारनियमनाची अनेक वर्षे सोसली आहेत आणि वळवाच्या वादळात आजही वीज जाते. या योजनेमुळेच त्यातून नोंदी वाचतात. मात्र काही डिस्क स्वतःच्या लहान स्मृतीत माहिती धरून ठेवून 'लिहिले' असे आधीच कळवितात. तेथे लॉगही हतबल होतो. म्हणून संगणकास यूपीएस असणे ही चैन नव्हे.

बॅकअपविषयीची चूकही येथूनच उद्भवते. सॉफ्टवेअर चालू असताना डेटाबेसची फाइल पेन ड्राइव्हवर ओढून घेतली, तर काही पाने जुन्या क्षणाची व काही नव्या क्षणाची येतात, आणि ताजे व्यवहार लॉगमध्येच मागे राहतात. अशी प्रत ऐन वेळी उघडतच नाही, किंवा उघडली तरी अपुरी निघते. बॅकअप नेहमी यंत्रणेच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेनेच घ्यावा. तो दवाखान्याबाहेर ठेवावा, आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेले औषध होय.

सॉफ्टवेअर विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न

व्यवसायबंधूंनी सॉफ्टवेअर घेताना किंवा नूतनीकरण करताना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. आमच्या नोंदी कोणत्या डेटाबेसमध्ये व कोणत्या संगणकावर साठविल्या जातात?
२. रुग्ण क्रमांक, फोन क्रमांक, बॅच नंबर व एक्स्पायरी दिनांक यांवर सूची आहे काय? दिनांक हा दिनांक-प्रकारातच आहे काय?
३. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे काय? ऱ्ह व ॲ यांची दोन्ही रूपे एक मानली जातात काय?
४. काढलेली नोंद केव्हा व कशाने खऱ्या अर्थाने पुसली जाते? डिस्क कूटबद्ध आहे काय?
५. बॅकअप कोणत्या आज्ञेने होतो, आणि तो परत उघडून दाखविता येईल काय?

जो विक्रेता या प्रश्नांची सरळ उत्तरे देईल त्याच्याकडे निःशंकपणे जावे. जो 'ते सगळे आपोआप होते' एवढेच म्हणेल, त्याला तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. द्रव्य कोठून आले, कसे साठविले व केव्हा निर्वीर्य होते हे जाणल्याशिवाय आपण ते रुग्णास देत नाही. रुग्णाने आपल्या स्वाधीन केलेल्या माहितीलाही तीच कसोटी लावणे आवश्यक आहे.